देवाला पत्ता सांगावा लागतो

मोंझेन-नाकाचो, टोकियो
रविवार, ३ सप्टेंबर २०२३

प्रिय सुध्या,

तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. त्यातली चार मिनिटं तू नुसता चिडलेला आहेस, एक मिनिट मागे कुत्रं भुंकतंय, पण उरलेल्या दोन मिनिटांत मुद्दा कळला. गणपतीत चाकरमानी आले की बैठक लावायची आणि खालच्या वाडीतल्या त्या सात घरांना शिमग्याच्या पालखीला खांदा द्यायचा हक्क आहे की नाही, ते एकदाचं ठरवायचं. तीस वर्षं ती माणसं गावात राहतात, पण मूळची गावची नाहीत. मानकऱ्यांचं म्हणणं काय असणार ते तुलाही ठाऊक आणि मलाही. माझे काका पहिल्या रांगेत बसलेले असतील. आणि शेवटी तू म्हणालास, "तू तिकडे जपानात. देवधर्म करतोस की सोडलास कुणास ठाऊक, पण मत सांग."

फोन केला असता तर आपण भांडलो असतो, म्हणून लिहितोय. मत शेवटी सांगतो, आधी देवधर्माचं ऐक. माझा उजवा खांदा गेले तीन आठवडे दुखतोय, त्याचाही याच्याशी संबंध आहे.

आमच्या घरापासून पाच मिनिटांवर तोमिओका हाचिमान-गू आहे. शिंतो देऊळ; शिंतो म्हणजे जपानचा स्वतःचा जुना देवधर्म. इकडे बौद्ध देऊळ वेगळं आणि शिंतो देऊळ वेगळं, नावंही वेगळी. हाचिमान हा योद्ध्यांचा देव, ओजिन नावाच्या जुन्या सम्राटाचंच ते रूप मानतात, आणि कबूतर त्याचा दूत. देवस्थान १६२७ सालचं, म्हणजे आपल्याकडे शिवरायांचा जन्मही व्हायचा होता. सुमिदा नदीच्या मुखाशी वाळूचं बेट होतं, भर टाकून जमीन केली आणि त्यावर देव बसवला. वस्ती देवामागून आली. आमच्या स्टेशनचं नाव मोंझेन-नाकाचो, म्हणजे देवळाच्या दारापुढची मधली आळी. गंमत अशी की ज्या दारावरून हे नाव पडलं ते दार हाचिमानचं नव्हेच. ते होतं एइताइ-जी नावाच्या बौद्ध देवळाचं, आणि ते देऊळ मोडून दीडशे वर्षं झाली. आळी मात्र त्याच्याच दारापुढे उभी आहे.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मूर्ती शोधत होतो. तोरीच्या कमानीतून आत गेलो, दगडी कुंडातल्या पळीने हात धुतले, पायऱ्या चढलो आणि मान उंच करून करून गाभाऱ्यात बघतोय. आत अंधार, पांढऱ्या कागदाच्या घड्या, एक आरसा. बस. देव आहे तो आत, कुणाला न दिसणाऱ्या वस्तूत, आणि ती वस्तू पाहायची कुणी मागणीही करत नाही. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मग दर्शन कसलं घेतलंस?" मला उत्तर सुचलं नाही. आता सुचतं. इथे तू देवाचं दर्शन घेत नाहीस, तू आलास हे देवाला कळवतोस. म्हणून टाळ्या वाजवायच्या. दोनदा कमरेतून वाकायचं, दोन टाळ्या, मनात काय ते बोलायचं, पुन्हा एकदा वाकायचं.

हे मला शिकवलं आमच्या गल्लीतल्या तोफूवाल्या आजोबांनी. दानपेटीत पाच येनचंच नाणं टाक म्हणाले, मधे भोक असलेलं पितळी. कारण पाच येन म्हणजे "गो-एन", आणि गो-एन म्हणजे संबंध, जुळलेली गाठ. मी म्हटलं, आमच्याकडे याला ऋणानुबंध म्हणतात. त्यांनी तो शब्द तीनदा म्हणून पाहिला आणि सोडून दिला.

आता माझी फजिती ऐक. हाचिमानला अगदी लागून फुकागावा फुदो-दो आहे (फुकागावा हे आमच्या या भागाचं नाव). मधे धड भिंतसुद्धा नाही, एकातून निघालास की दोन मिनिटांत दुसऱ्यात. मी तिथेही गेलो आणि मोठ्या ऐटीत दोन टाळ्या वाजवल्या. बाजूच्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू मयताला जाऊन शिट्टी वाजवली. ते बौद्ध देऊळ. तिथे टाळ्या नाहीत, नुसते हात जोडायचे. म्हणजे मला जन्मापासून येत होतं तेच करायचं होतं आणि नेमकं तेच मी केलं नाही.

पण त्याच दिवशी तिथे थांबलो म्हणून बरं झालं. आत पाच-सहा मोठे ढोल एकदम धडधडायला लागले, मधल्या कुंडात अग्नी पेटला, भिक्षू समिधा टाकू लागले आणि सगळे एका सुरात म्हणू लागले, "नोमाकु सानमांदा बाझारादान सेंदा माकारोशादा..." अंगावर काटा आला, पण अर्थ काही लागेना. दुसऱ्यांदा म्हणाले, तिसऱ्यांदा म्हणाले आणि माझ्या कानात अचानक उलगडलं: "नमः समन्तवज्राणां चण्ड महारोषण..." अरे, संस्कृत! या विधीला ते "गोमा" म्हणतात. गोमा म्हणजे होम. आणि तो निळा, उग्र, हातात तलवार घेतलेला फुदो म्हणजे आपला "अचल". फुदो या शब्दाचा अर्थच न हलणारा. नव्या सभागृहाच्या, २०११ साली बांधलेल्या, बाहेरच्या भिंतीभर त्याचा मंत्र सिद्धम् लिपीत लावलाय. भारतातून चीनमार्गे हजार-बाराशे वर्षांपूर्वी इथे आलेली ती अक्षरं मला वाचता येत नाहीत आणि तिथल्या जपानी माणसांनाही येत नाहीत. दोघेही सारख्याच कौतुकाने बघत उभे असतो.

मला आधी वाटलं, किती छान, दोन धर्म शेजारी-शेजारी. तसं नाही. हे दोन कधी वेगळे नव्हतेच. हाचिमानला चक्क बोधिसत्त्व म्हणत, आणि त्याची सगळी व्यवस्था एइताइ-जीकडे होती. १८६८ला मेइजी सरकार आलं आणि फर्मान निघालं की शिंतो वेगळं करा, बौद्ध वेगळं करा. त्यात एइताइ-जी मोडलं. लोकांनी काय केलं? नारिता गावच्या देवळातून अधूनमधून लोकांना दर्शन द्यायला येणाऱ्या फुदोला त्याच आवारात कायमचं घर दिलं. आज सकाळी लोक एका दारात टाळ्या वाजवतात, दुसऱ्या दारात हात जोडतात आणि कामावर जातात. सरकारचं फर्मान पाळलं, असं म्हणायचं.

आता खांद्याकडे येतो, पण त्याआधी पोरीचं सांगायला हवं.

ती महिन्याची झाली तेव्हा तोफूवाल्या आजीने बायकोला विचारलं, "उजिगामीला दाखवून आणली का?" उजिगामी म्हणजे त्या जागेचा देव. आपल्या ग्रामदेवतेसारखा. आणि त्याच्या हद्दीत जे राहतात ते "उजिको", त्या देवाची लेकरं. आम्ही म्हटलं, आम्ही तर हिंदू. आजीला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "पण राहता इथेच ना?" झालं. पोरीला घेऊन गेलो. पांढऱ्या-निळ्या पोशाखातला पुजारी आला, डोक्यावरून कागदी पट्ट्यांची काठी सळसळवली आणि जुन्या जपानीत देवाला निवेदन वाचू लागला. नोरितो म्हणतात त्याला. त्यातलं मला काहीही कळत नव्हतं आणि मधेच एकदम सगळं कळायला लागलं, कारण तो आमचा पत्ता वाचत होता. टोकियो, कोतो विभाग, तोमिओका, अमुक चोमे, घर नंबर अमुक. मग पोरीचं नाव, तेही बिचाऱ्याने चार तुकड्यांत नीट म्हटलं. गोत्र नाही, कूळ नाही, जात नाही. कुठे राहते तेवढं.

मला हसू आवरेना आणि मग घसा दाटला. आठवतं, माझ्या मुंजीत भटजी संकल्प सांगत होते आणि तू मागून मला चिमटे काढत होतास? "भरतखंडे जंबुद्वीपे दंडकारण्ये देशे गोदावर्याः दक्षिणे तीरे..." तोही पत्ताच की रे. फक्त आपण तो पाठ असल्यामुळे ऐकत नाही.

तर आता उत्सव. फुकागावा हाचिमानचा उत्सव दरवर्षी १५ ऑगस्टच्या आसपास असतो, पण मोठा तीन वर्षांतून एकदा. २०२० चा कोरोनात बुडाला, म्हणून या वर्षी २०१७ नंतर पहिल्यांदा, सहा वर्षांनी झाला. प्रत्येक आळीची स्वतःची मिकोशी असते. पालखी म्हणतो मी तिला, पण दिसते छोट्या देवळासारखी: लाखेचं काळं छप्पर, सोनेरी साखळ्या, शेंड्यावर पंख पसरलेला पक्षी, आणि खाली आडवे-उभे जाड दांडे. पन्नासहून जास्त मिकोश्या सकाळी साडेसातपासून एकीमागे एक निघतात आणि आठेक किलोमीटर फिरून परत येतात.

जून महिन्यात आजोबा दारात आले, हातात मोजपट्टी. "उंची किती?" एवढंच विचारलं. दांड्याखाली माणसं उंचीप्रमाणे लावावी लागतात, नाहीतर वजन एकाच खांद्यावर येतं. पुढच्या आठवड्यात आळीचं नाव पाठीवर लिहिलेलं हान्तेन घरी आलं, निळं-पांढरं आखूड जाकीट. उत्सव संपला की धुऊन, घडी घालून परत करायचं.

त्या दिवशी माझ्या पुढे एक शाळामास्तर होता, मागे मासळीच्या दुकानातली बाई. बायका आता सर्रास खांदा देतात. लाकूडवाल्यांची जुनी गाणी झाली (हा भाग एकेकाळी लाकडाच्या वखारींचा, ओंडके ओढताना म्हणायची ती गाणी अजून उत्सवात म्हणतात), लाकडी ठोकळे टणाटण वाजले आणि मिकोशी उचलली. पहिल्या दहा पावलांत मला कळलं की मोजपट्टीत काहीतरी चुकलंय. मी माझ्या रांगेत दोन बोटं उंच होतो. दांडा सगळा माझ्या खांद्यावर. मी खांदा जरा खाली घेतला तर दांडा सुटला आणि परत येताना असा आपटला की डोळ्यांपुढे काजवे. मागून बाई ओरडली, "गुडघे! गुडघे वाक! खांदा सोडू नकोस!" मग जमलं. खांदा दांड्याला चिकटवून ठेवायचा, पावलं लहान, आणि "वाश्शोइ! वाश्शोइ!" या एका शब्दावर श्वास. पाचशे पावलांनंतर कोण वजन उचलतंय ते कळेनासं होतं. तुला मी हे सांगायला नको, सहाणेवर पालखी नाचवताना तू कसा दिसतोस ते मी पाहिलंय.

आणि पाणी! या उत्सवाला पाणी-उडवणीचा उत्सवच म्हणतात. ऑगस्टचा उकाडा, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बादल्या, टब, पाण्याने भरलेले ट्रक, अग्निशमनवाल्यांचे पाइप. एका चौकात खुर्चीवर बसलेली नव्वदीची आजी होती. तिच्या हातात चहाचा पेला. कोणीतरी भरून द्यायचं आणि ती अगदी मोजून आमच्यावर शिंपडायची. त्या पेल्यातलं पाणी माझ्या कानात गेलं.

शेवटाकडे एइताइ पूल आला. इथे सगळे जरा वेगळेच होतात. १८०७च्या उत्सवाला हा पूल, म्हणजे तेव्हाचा लाकडी, गर्दीने मधोमध तुटला. मागच्यांना पुढचं दिसेना, ते ढकलत राहिले आणि माणसं रांगेने नदीत पडत गेली. एका सामुराईने तलवार उपसून हवेत फिरवली तेव्हा गर्दी घाबरून मागे हटली, असं सांगतात. मेले ते शेकड्यांनी. काही नोंदींत आकडा हजारावर जातो. आणि सुध्या, एवढी गर्दी का झाली होती माहितीये? बारा वर्षं उत्सवच झाला नव्हता. का, तर म्हणे उत्सवातली भांडणं.

आजचा पूल १९२६चा, लोखंडी. त्याच्याही आधी १९२३चा भूकंप आणि आग. परवाच, १ सप्टेंबरला, त्याला शंभर वर्षं झाली. त्यात देवळाच्या तीन जुन्या सोन्याच्या मिकोश्या गेल्या. मग १० मार्च १९४५ची रात्र, अमेरिकन बॉम्बफेक. एका रात्रीत टोकियोत लाखाच्या आसपास माणसं गेली, फुकागावा जवळजवळ सगळं जळलं, देऊळही. आताचं देऊळ १९५६चं, काँक्रीटचं. म्हणजे बघ, वस्तू म्हणून इथे जुनं फार थोडं आहे. दोनदा राख झालेल्या आळीत "परंपरा" कुठे ठेवली होती, हा प्रश्न मी आजोबांना विचारला. ते म्हणाले, युद्धानंतर मिकोशी नव्हती, तेव्हा त्यांच्या वडिलांनी आणि इतरांनी तांदळाच्या दारूचं रिकामं पिंप दांड्यांना बांधून पोरांना खांद्यावर दिलं होतं.

आता तू म्हणशील, विन्या सगळं गोडगोड सांगतोय. तर ऐक. राजकारण इथेही आहे. आळीच्या मांडवात पांढऱ्या कागदाच्या पट्ट्यांवर देणगीदाराचं नाव आणि रक्कम काळ्या शाईत लिहून सगळ्यांना दिसेल अशी लावतात. आपल्या सभामंडपातल्या फरशा आठव. कोण कुणाच्या शेजारी बसलं, कुणाला आधी दारू दिली, यावरून दोन दिवस अबोला असतो. देवळाच्या आवारात काचेमागे एक सोन्याची मिकोशी आहे, १९९१ सालची. जपानात पैसा उतू जात होता तेव्हाची. चोवीस किलो सोनं, हिरे, माणकं, आणि वजन साडेचार टन. इतकं की नेमाने खांद्यावर घेणं काही जमेना. मग १९९७ला दोन टनांची दुसरी केली. मला ती काचेतली फार आवडते. जवळ उभं राहून माणसं आधी "आहा" करतात आणि मग हळूच वजन वाचून हसतात.

आणि खरी अडचण वेगळीच आहे. नव्या उंच इमारतींतली माणसं खाली उतरत नाहीत. खांदे कमी पडतात. काही आळ्या दुसऱ्या भागातल्या मंडळांतून माणसं बोलावतात आणि त्यांना आपलं हान्तेन घालतात. म्हणजे तुमच्याकडे खांद्यासाठी भांडण आहे आणि यांच्याकडे खांदा मिळत नाही. हौसेने किंवा थोर मनाने मला घेतलं असं मी म्हणणार नाही. माणूस हवा होता, मी शेजारी राहत होतो.

आवारातल्या दोन गोष्टी राहिल्या, त्या पटकन सांगतो कारण तू इथे आलास की मी तुला तिथेच नेणार आहे. एक, सुमोच्या योकोझुनांची, म्हणजे सगळ्यात वरच्या पदाच्या पहिलवानांची, शिळा. देवळासाठी वर्गणी जमवायला इथे १६८४ पासून कुस्त्या लागायच्या, आणि १९०० साली ही साडेतीन मीटर उंचीची शिळा उभी केली. नवा योकोझुना झाला की नाव कोरायचं. त्यात हवाईत जन्मलेला आहे, मंगोलियात जन्मलेले तर कितीतरी. दुसरी गोष्ट, इनो तादाताका याचा पुतळा. हा माणूस दारू आणि धान्याचा व्यापारी. पन्नाशीला घरदार मुलाच्या हवाली केलं, या भागात राहायला आला, खगोल-गणित शिकला आणि १८०० साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, पायी चालत जपानचा नकाशा काढायला निघाला. सतरा वर्षं मोजत राहिला. मोहिमेवर निघताना आधी इथे येऊन पाया पडायचा. पुतळा चालतानाचाच आहे, एक पाय पुढे टाकलेला. सकाळी ऑफिसला उशीर झाला की मी त्याच्या समोरून पळत जातो आणि मला लाज वाटते.

तर मत.

मी मानकरी नाही, बैठकीत नसेन, आणि काकांना जपानचे दाखले देशील तर ते तुला उभाच करणार नाहीत. म्हणून जपान सोड. दोनच गोष्टी विचार. एक, त्या सात घरांकडून तीस वर्षं शिमग्याची वर्गणी घेतली की नाही? पावत्या माझ्या बाबांच्या हातच्या आहेत, आमच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत बघ. दुसरी, गाऱ्हाणं. सगळी उभी राहतात आणि गावात राहणाऱ्या, आल्या-गेल्या, गुराढोरांसकट सगळ्यांचं राखण कर म्हणून देवाला सांगितलं जातं, आणि आपण "व्हय महाराजा" म्हणतो. त्या "सगळ्यांत" ती सात घरं होती की नव्हती? होती, तर आपण तीस वर्षं देवाला त्यांचा पत्ता सांगत आलोय. नव्हती, तर तेही बैठकीत कुणीतरी उभं राहून मोठ्याने सांगावं. माझ्या काकांनी सांगितलं तरी चालेल.

मुंबईकरांचं मात्र अवघड आहे. आपण दोघं काय ते तू ठरव. मी पत्त्याने गावचा उरलेलोच नाही. या न्यायाने त्या सात घरांचा हक्क पहिला आणि माझा शेवटचा येतो. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये, पण खोडत नाही.

शिमग्याला येतोय. तिकीट काढलं नाही अजून, पण येतोय. पोरीलाही आणतो. तिला आता "वाश्शोइ" येतं आणि गाऱ्हाण्यात ती तेच ओरडेल अशी भीती आहे.

वहिनीला नमस्कार, काकूंच्या गुडघ्यांचं काय झालं ते कळव.

तुझा,
विन्या

ता. क. उत्सव संपल्यावर आळीचं जेवण होतं, तेव्हा आजोबांनी विचारलं, तुमच्याकडे देवाची पालखी किती जण उचलतात? मी म्हटलं, पुढे दोन, मागे दोन, आणि नाचवतात. त्यांनी चॉपस्टिक खाली ठेवल्या. "चारच? मग वळवतं कोण?" मी म्हटलं, गावात सांगतात की पालखीच माणसांना ओढत नेते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "हो, पुलावर आमचीपण नेते." तुझ्याकडे गेल्या शिमग्याचा व्हिडिओ असेल तर पाठव. त्यांना बघायचाय.